संगणकाच्या घरांतील कोठी

ज्या घरांतून हें मासिक जातें त्यांपैकीं फारच थोडीं घरें अशीं असतील कीं, ज्यांतील एखादा मुलगा, जांवई, सून अथवा पुतणी संगणकाच्या धंद्यांत नाहीं. पुण्यास हिंजवडीला, बंगळूरास, नाहीं तर थेट अमेरिकेंत हीं मंडळी दिवसाचे दहा दहा तास पडद्यापुढें बसतात आणि घरचीं वडील माणसें शेजाऱ्यास अभिमानानें सांगतात कीं, "तो आय. टी. मध्यें आहे." तो तेथें करितो काय, असें शेजाऱ्यानें पुढें विचारलें तर मात्र आपण विषय बदलतों. मुलगा वकील असता तर त्याच्या अशिलांच्या गोष्टी आपण पानावर बसून ऐकल्या असत्या; डॉक्टर असता तर रोग्यांच्या. या एका धंद्याविषयीं 'तें आपल्याला कळावयाचें नाहीं' असें आपण आधींच ठरवून टाकिलें आहे. आम्हीही असेच वागत आलों होतों. गेल्या वर्षींच्या एका लाजिरवाण्या प्रसंगानें आमची ही खोड मोडली, म्हणून या महिन्याचें लेखन त्या विषयास देत आहों.

आमच्या गांवच्या वाचनालयाचें चिटणीसपण सेवानिवृत्तीनंतर आमच्या गळ्यांत पडलें. देवघेवीचा हिशेब पूर्वीं चोपड्यांत असे. चार वर्षांपूर्वीं आमचा पुतण्या दिवाळीच्या सुटींत आला असतां त्यानें पायथन नांवाच्या संगणकभाषेंत आम्हांस एक प्रोग्रॅम लिहून दिला. १८०० ओळी, सर्व एकाच फाइलींत, एकीखालीं एक. आम्हीं कौतुकानें पेढे वाटले. प्रोग्रॅम चालेही चांगला. पुस्तक पंधरा दिवसांत परत न आल्यास पुढें दर दिवशीं दर पुस्तकामागें एक रुपया दंड, हा हिशेब तो बिनचूक करी.

पुढें कार्यकारी मंडळानें ठराव केला कीं, पंचाहत्तर वर्षांवरील सभासदांस दंड आकारूं नये. पुतण्या तोंवर नोकरीनिमित्त बंगळूरास गेला होता. आम्हीं फोन केला, त्यानें रात्रीं जागून तेथूनच दुरुस्ती केली. "झालं, काका," म्हणाला. झालें मात्र नव्हतें. दंडाचें गणित त्या १८०० ओळींत तीन ठिकाणीं लिहिलेलें होतें: एकदां पुस्तक परत घेतांना, एकदां वार्षिक थकबाकीच्या यादीसाठीं, आणि एकदां दरमहा टपालानें जाणाऱ्या स्मरणपत्रांसाठीं. त्यानें पहिलीं दोन ठिकाणें बदललीं. तिसरें राहून गेलें.

त्या महिन्याच्या स्मरणपत्रांपैकीं एक आमच्या गुरुजींस गेलें. ज्यांनीं आम्हांस शब्दरूपावली शिकविली, ज्यांच्या जुन्या खडूच्या डब्यावर हात ठेवून आम्ही पुढें स्वतः मास्तर झालों, ते हे गुरुजी, वय ८४. सात महिने अंथरुणाला खिळून होते आणि घरीं वाचनालयाचीं चार पुस्तकें राहिलीं होतीं. २१० दिवस, चार पुस्तकें, ८४० रुपये. 'आठ दिवसांत भरणा न झाल्यास सभासदत्व रद्द समजावें.' खालीं आमची सही. पन्नास पन्नास पत्रांवर आम्ही न वाचतां सह्या करीत असूं, हें येथें कबूल करणें भाग आहे.

गुरुजी काठी टेकीत आले तेव्हां आम्ही वाचनालयांत नव्हतों. टेबलावरच्या मुलीस पडद्यावर दंड शून्य दिसत होता. गुरुजींच्या हातांतल्या कागदावर ८४० होते, आणि कागदावर चिटणिसाची सही होती. तिनें कागद खरा धरला. गुरुजींनीं पुस्तकें ठेविलीं, पैसे मोजले, आणि खिशांतून सभासदाचें कार्ड काढून तेंही पैशांवर ठेविलें. कांहीं बोलले नाहींत.

रात्रीं आम्हीं पुतण्यास पुन्हां फोन लाविला. अर्ध्या तासानें तो म्हणाला, "काका, मीच लिहिलंय, पण आतां मलाच वाचतां येत नाहीं." हें संभाषण आमची धाकटी सून ऐकत होती. पुण्यास सहा वर्षें तिनें याच धंद्यांत नोकरी केली. नातू झाल्यापासून गेलीं दोन वर्षें ती घरीं आहे. सहा वर्षें ती नेमकें काय करीत होती, हें आम्हीं तिला एकदांही विचारलें नव्हतें. ती म्हणाली, "बाबा, मी बघूं का?"

आमची अशी समजूत कीं, आतां ती संगणक उघडील. तिनें पाठकोरे कागद मागितले. दोन संध्याकाळ ती केवळ प्रश्न विचारीत होती. त्यांतला एक प्रश्न आम्हांस अजून आठवतो: "बाबा, दंड किती, हें कोणाला ठाऊक असावं?" आम्ही म्हणालों, चिटणिसाला. ती हंसली. "माणसांत नव्हे. प्रोग्रॅमात."

येथून खरा विषय सुरू होतो. जुन्या पद्धतीच्या प्रोग्रॅममध्यें माहिती एकीकडे असते आणि त्या माहितीवर करावयाच्या कृती दुसरीकडे. सभासदाचें नांव, जन्मतारीख, नेलेलीं पुस्तकें हें सर्व एका तक्त्यांत. आणि तक्ता वाचून दंड काढणाऱ्या ओळी जिथें जिथें गरज पडेल तिथें तिथें. नवीन पद्धतींत माहिती आणि तिच्या कृती एकत्र बांधून त्यांची एक वस्तु करितात. तिला ऑब्जेक्ट म्हणतात. ज्या सांच्यावरून अशा वस्तु घडवितात तो क्लास. सभासद हा क्लास एकदांच लिहावयाचा. आमचे गुरुजी, समोरचे सावकार, शाळेंतलीं पोरें, हे प्रत्येकीं त्यावरून घडलेले निरनिराळे ऑब्जेक्ट. प्रत्येकाजवळ आपली माहिती आपली, पण वागण्याची रीत एक. (या शब्दांना कोणी कोणी संस्कृत प्रतिशब्द घडविले आहेत. ज्यांचें पोट या धंद्यावर आहे तीं माणसें क्लास, ऑब्जेक्ट असेंच बोलतात, तेव्हां आम्हीही तसेंच लिहितों.)

आम्हांस हें कळलें तें रूपावलीच्या वाटेनें. 'राम' चालवावयास आला म्हणजे देव, बालक, वृक्ष हे निराळे शिकावे लागत नाहींत. ते 'रामासारखे' चालतात. राम हा येथें नुसता एक शब्द नव्हे, तो अकारान्त पुल्लिंगी शब्दांचा सांचा आहे. नैयायिकांचें घटत्व आणि घट हेंही उदाहरण आमच्या मनांत आलें, पण तें पुरतें लागू पडत नाहीं; घटत्वानें कांहीं घट घडत नाहीं, क्लासनें मात्र ऑब्जेक्ट खरोखर घडतो.

दुसरी कल्पना वारशाची. एक क्लास दुसऱ्या क्लासाचें सर्व कांहीं घेऊन त्यांत थोडासा फरक करूं शकतो. संस्कृतांत 'पति' शब्द घ्या. तो इकारान्त पुल्लिंगी, म्हणून हरीसारखा चालावयाचा. आणि बहुतेक ठिकाणीं तसा चालतोही. पण एकवचनांत तृतीयेपासून सप्तमीपर्यंत तो आपली वाट सोडतो: हरिणा परंतु पत्या, हरये परंतु पत्ये, हरेः परंतु पत्युः, हरौ परंतु पत्यौ. रूपावली लिहिणारानें येथें 'पति'ची सर्व चोवीस रूपें नवीं आहेत असें मानण्याचें कारण नाहीं. 'हरीप्रमाणें, फक्त इतकीं रूपें निराळीं' एवढें म्हटलें कीं पुरे. शिवाय गंमत अशी कीं, तोच पति समासाच्या शेवटीं आला कीं पुन्हां सरळ होतो. भूपतिना असेंच रूप होतें. ज्येष्ठसभासद हा क्लास असाच लिहितां येतो: सभासदाप्रमाणें सर्व, फक्त दंड विचारला तर उत्तर शून्य. मग पत्र लिहिणाऱ्या ओळींनीं, यादी करणाऱ्या ओळींनीं किंवा टेबलावरच्या पडद्यानें गणित करावयाचेंच नाहीं. समोरच्या सभासदाला विचारावयाचें, 'तुझा दंड किती?' आणि तो सांगेल तें लिहावयाचें. विचारणारास तो ज्येष्ठ कीं बाल हें ठाऊक असण्याचीही गरज नाहीं. गुरुजींचें पत्र चुकलें तें नेमकें एवढ्यासाठीं, कीं आमच्या प्रोग्रॅममधील तिघेजण आपआपल्या डोक्यानें तेंच गणित करीत होते.

ही कल्पना कोठून आली? आम्हांस वाटलें होतें अमेरिकेंतून. ती आली नॉर्वेहून. ऑस्लो येथील नॉर्वेजियन कंप्यूटिंग सेंटरमध्यें ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नीगार्ड या दोघां विद्वानांनीं १९६०च्या दशकांत 'सिम्यूला' नांवाची संगणकभाषा रचिली. जगांतील व्यवहारांची संगणकावर नक्कल करून पाहणें, म्हणजे रांगा किती लांबतील, काम कोठें तुंबेल याचा आधींच अंदाज घेणें, हा तिचा हेतु. रांगेंतील प्रत्येक वस्तूस स्वतःचें असें वागणें हवें, म्हणून त्यांस क्लास व ऑब्जेक्ट सुचले, आणि १९६७च्या सिम्यूलांत ते वारशासह आले. पुढें कॅलिफोर्नियांत झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेंत ॲलन के यांनीं १९७०च्या दशकांत 'स्मॉलटॉक' निर्माण केली. ते मूळचे जीवशास्त्राचे अभ्यासी, आणि ऑब्जेक्ट म्हणजे एकमेकांस निरोप पाठविणाऱ्या पेशी अशा दृष्टीनें ते या गोष्टीकडे पाहत. डेन्मार्कचे ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनीं १९७९मध्यें सी भाषेस क्लासांची जोड देण्यास आरंभ केला, तिचें पुढें सी प्लस प्लस झालें. आमच्या पुतण्याची पायथन १९९१ची, जावा व रूबी दोन्ही १९९५च्या. नीगार्ड यांच्याविषयीं एक गोष्ट आम्हांस विशेष आवडली. नवीं यंत्रें आलीं म्हणजे कामगारांचें काय होईल, हें कामगारांनाच समजावें म्हणून त्यांनीं १९७०च्या दशकांत नॉर्वेच्या लोखंड व धातु कामगारांच्या संघटनेबरोबर काम केलें. त्यांना व डाल यांना या शास्त्रांतील सर्वांत मोठा समजला जाणारा २००१चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला, आणि २००२मध्यें अवघ्या सहा आठवड्यांच्या अंतरानें दोघेही गेले.

क्लास कळला म्हणजे सारें कळलें असें आम्हांस वाटूं लागलें होतें. सूनबाईंनीं सांगितलें कीं, क्लास म्हणजे घरांतलीं भांडीं. घराच्या खोल्या अजून पाडावयाच्या आहेत. या खोल्या म्हणजे मॉड्यूल. क्लासवरून वस्तु हव्या तितक्या घडतात. मॉड्यूल एकच असतें, आणि तें संबंधित गोष्टी एका दारामागें ठेवण्यासाठीं असतें. पायथनमध्यें प्रत्येक फाइल हें एक मॉड्यूलच असतें, आणि एका फाइलीस दुसरींतलें कांहीं हवें असल्यास तें नांव घेऊन मागावें लागतें. रूबी भाषेंत मॉड्यूल आणखी एक काम करितें. तें क्लासामध्यें मिसळतां येतें, आणि मग त्या मॉड्यूलमधील कृती वारशाखेरीज त्या क्लासाच्या होतात.

पण भिंत कोठें घालावी? या प्रश्नाचें आम्हांस ठाऊक असलेलें सर्वांत चांगलें उत्तर १९७२ सालीं डेव्हिड पार्नास यांनीं एका लहानशा निबंधांत दिलें, आणि योगायोग असा कीं त्यांचें उदाहरण ग्रंथालयाच्या धंद्यांतलेंच आहे. पुस्तकाच्या नांवांतील प्रत्येक शब्द आळीपाळीनें पुढें आणून त्या सर्व नांवांची अकारविल्हे सूची करितात. म्हणजे वाचकास नांवांतला कोणताही एक शब्द आठवला तरी पुस्तक सांपडतें. असली सूची संगणकाकडून करवून घ्यावयाची आहे. बहुतेक कोणीही या कामाचे भाग पाडील ते असे: प्रथम नांवें वाचणें, मग शब्द फिरविणें, मग क्रम लावणें, मग छापणें. कामाचा जो क्रम तीच भागांची वांटणी. पार्नास म्हणतात, येथेंच घोटाळा आहे. नांवें संगणकाच्या स्मरणांत कशा रीतीनें ठेविलीं आहेत हें या प्रत्येक भागास ठाऊक असावें लागतें. उद्यां ती रीत बदलली कीं सगळे भाग उघडावे लागतात. त्याऐवजीं प्रथम हें पाहावें कीं, पुढें काय काय बदलण्याचा संभव आहे. आणि बदलूं शकेल असा एकेक निर्णय एकेका मॉड्यूलच्या पोटांत लपवून ठेवावा. बाहेरच्यांना फक्त काय मागावें एवढें ठाऊक असावें, आंत तें कसें होतें हें नव्हे.

हें वाचून आम्हांस आमच्या आजीची कोठी आठवली. घरांत तीस माणसें, चुलीपाशीं पाळीपाळीनें चार सुना. पण कोठीची किल्ली एकट्या आजीच्या कमरेस. स्वयंपाक करणारीनें येऊन म्हणावयाचें, "चार शेर तांदूळ, दोन शेर तुरीची डाळ." आजी काढून देई. तांदूळ कणगींत आहेत कीं पोत्यांत, जुने आधीं काढावयाचे कीं नवे, यंदा कोणत्या कोपऱ्यांत ओल आली आहे, हें चुलीपाशीं कोणास ठाऊक नसे आणि ठाऊक असण्याची जरुरीही नसे. एका पावसाळ्यांत कणग्यांना कीड लागली म्हणून आजीनें सारें धान्य पत्र्याच्या डब्यांत भरलें. स्वयंपाकघरांत त्याची कोणास वार्ताही नव्हती. जेवणें वेळेवर झालीं. आमच्या चुलत घरीं याच्या उलट. तेथें कोठीस कडीच नव्हती, जी ती आपल्या हातानें घेई, आणि डबे हलविले कीं चार दिवस घरभर शोधाशोध व भांडणें. आमच्या पुतण्याचा प्रोग्रॅम हें तें चुलत घर होतें. पायथनमध्येंही कोठीस कुलूप नसतेंच, हेंही सांगितलें पाहिजे. आंतल्या गोष्टीच्या नांवाआधीं एक खालची रेघ ओढितात, एवढीच खूण. ती पाहून बाहेरच्यानें हात मागें घ्यावा अशी रीत आहे. रीत पाळणें न पाळणें लिहिणाराच्या संस्कारावर.

येथें पाणिनीची आठवण होणें आमच्यासारख्यास अपरिहार्य. सूत्रें एकीकडे, धातुपाठ एकीकडे, गणपाठ एकीकडे. सूत्रांत गणाचा पहिला शब्द तेवढा सांगावयाचा, बाकीची यादी तिच्या जागीं. आकृतिगण तर मोकळाच ठेविलेला, सूत्रास हात न लावतां त्यांत भर पडूं शकते. सामान्य नियम आणि त्याचा अपवाद यांची व्यवस्थाही वर सांगितलेल्या वारशाच्या फार जवळची. परंतु एवढ्यावरून संगणकशास्त्र मूळचें आमचेंच असें व्याख्यानांतून सांगत फिरणारे जे लोक आहेत त्यांची संगत आम्हांस नको. ऑस्लोच्या त्या दोघांस ही कल्पना रांगांच्या हिशेबांतून आणि स्वतःच्या कष्टानें सुचली. सारखेपणा पाहून आनंद मानावा. मालकी सांगूं नये.

क्लासांची गोडी लागल्यावर आमचा जरा तोलही गेला. आम्हीं कागदावर वंशवृक्ष काढावयास सुरुवात केली: सभासद, त्याखालीं बालसभासद, ज्येष्ठसभासद, आजीवसभासद, शिक्षकसभासद. सूनबाईंनीं दोन प्रश्न विचारले. जो ज्येष्ठही आहे, आजीवही आहे आणि शिक्षकही होता, तो कोणत्या फांदीवर? आणि ज्याचा पंचाहत्तरावा वाढदिवस उद्यां आहे त्याचें काय करावयाचें, आजचा सभासद मोडून उद्यां नवा घडवावयाचा? आम्ही गप्प झालों. तीन सवलती निरनिराळ्या रीतीनें एकत्र येऊं लागल्या तर आठ प्रकार होतात, चार झाल्या तर सोळा. इतके क्लास कोण लिहिणार? तिनें तोड काढिली ती अशी: सभासद हा सभासदच राहील. सवलत ही एक वेगळी वस्तु करावी, आणि सभासदाजवळ अशा एक, दोन, हव्या तितक्या सवलती असाव्यात. 'अमुक आहे' असें म्हणण्याऐवजीं 'अमुक जवळ आहे' असें म्हणावें. एरिक गॅमा व त्यांचे तिघे सहकारी यांच्या १९९४च्या प्रसिद्ध ग्रंथांतही वारशापेक्षां अशा जोडणीसच झुकतें माप दिलेलें आहे, असें ती म्हणाली.

ग्रंथालयाच्या चिटणिसास हें नवें वाटावयास नको होतें. १८७६ची ड्यूई यांची दशांश पद्धति म्हणजे असाच एक वृक्ष. प्रत्येक विषयास आधींच एक फांदी नेमलेली, आणि दोन फांद्यांवर बसूं पाहणारें पुस्तक आलें कीं आमची पंचाईत. मद्रासच्या रंगनाथन यांनीं १९३३मध्यें आपली द्विबिंदु पद्धति प्रसिद्ध केली तींत विषयाचे पैलू निरनिराळे पाडून, पुस्तकापुरते ते जोडून, त्याचा अंक तयार करितात. आम्ही ही पद्धति नुसती ऐकून होतों. तिचें मर्म सुनेच्या पाठकोऱ्या कागदावर कळलें.

नवा प्रोग्रॅम पांच आठवड्यांत झाला, तोही नातू निजल्यावरच्या वेळांत. सात फाइली, सभासद, पुस्तकें, देवघेव, सवलती, पत्रें वगैरे. दंडाचें गणित अकरा ओळींचें, आणि एकाच ठिकाणीं. प्रत्येक बदलानंतर प्रोग्रॅम बिघडला नाहीं ना हें तपासणाऱ्या लहान लहान चाचण्याही तिनें लिहिल्या. त्यांतली पहिली आम्हीं पडद्यावर वाचली: वय ८४, पुस्तकें चार, उशीर २१० दिवस, उत्तर शून्य आलें पाहिजे. त्या चाचणीचें नांव तिनें 'गुरुजी' ठेविलें आहे.

८४० रुपये आणि कार्ड घेऊन आम्ही गुरुजींच्या घरीं गेलों तेव्हां सूनबाईंसही बरोबर नेलें. क्षमा मागितली. तीन ठिकाणच्या गणिताची हकीकत सांगितली. गुरुजींनीं सारें ऐकून घेतलें, पति आणि हरि येथवर आल्यावर मात्र ते उशीला टेकलेले उठून बसले आणि आमच्याकडे न पाहतां सुनेस विचारूं लागले. भूपति तुमच्या पद्धतींत कसा बसवाल, हा त्यांचा प्रश्न. तिनें थोडा विचार करून सांगितलें. पाऊण तास ते दोघे बोलत होते. आम्हीं आंतून चहा आणून दिला.

निघतांना गुरुजींनीं कार्ड उशीखालीं ठेविलें. पैसे मात्र परत केले. वाचनालयास देणगी म्हणून त्यांची पावती करा म्हणाले. बाहेर येतांच आम्हीं सूनबाईंस विचारलें, ही पावती प्रोग्रॅममधून निघेल ना? ती म्हणाली, "आज नाहीं, बाबा. देणग्यांची अजून फाइलच नाहीं. रविवारीं करते."